नदी, नगर आणि माणूस : विश्वामित्रीच्या काठचे बडोदे

मानवी संस्कृतीचा जन्म नदीकाठी झाला, हे विधान आपण शालेय पाठ्यपुस्तकांपासून वाचत आलो आहोत. नाईलच्या काठी इजिप्त, युफ्रेटिस व तैग्रिस यांच्या दुआबात मेसोपोटेमिया, सिंधूच्या खोऱ्यात हडप्पा व मोहेंजोदडो आणि पीत नदीच्या तीरी चीन, ही नावे इतकी परिचयाची झाली आहेत की, त्यांमागील अर्थाकडे आपले सहसा लक्ष जात नाही. नदीने माणसाला पाणी दिले, गाळाची सुपीक जमीन दिली, वाहतुकीचा मार्ग दिला, हे खरेच आहे. परंतु याहून महत्त्वाची अशी एक देणगी नदीने समाजाला दिली. ती म्हणजे शिस्तीची. नदीवर नजर ठेवणे, तिच्या चढउताराचा हिशेब ठेवणे आणि तिच्या वाटेवर आपण जाऊन न बसणे, ही ती शिस्त होय.

ही शिस्त कशी निर्माण होते आणि ती कशी विसरली जाते, हे समजून घेण्यासाठी नाईलसारख्या महानदीकडेच गेले पाहिजे असे नाही. पावगडच्या डोंगरात उगम पावून बडोदे शहराच्या मधून वाहणारी विश्वामित्री ही लहानशी नदी त्यासाठी पुरेशी आहे. मराठी माणसाला बडोदे परके नाही. गायकवाडांच्या या राजधानीशी महाराष्ट्राचा अडीचशे वर्षांहून अधिक काळचा ऋणानुबंध आहे. म्हणूनच या नगराची आणि त्याच्या नदीची कथा येथे थोडी विस्ताराने सांगण्याचे योजिले आहे.

नदीने शिकविलेले धडे

प्रथम प्राचीन जगाकडे वळू. इजिप्तमध्ये दरवर्षी येणाऱ्या पुरावरच साऱ्या देशाचे पीकपाणी अवलंबून असे. पूर कमी आला तर दुष्काळ आणि अधिक आला तर गावांचा नाश, अशी स्थिती होती. त्यामुळे नदीची उंची मोजण्यासाठी पायऱ्यांच्या विहिरी व स्तंभ बांधण्याची पद्धत तेथे फार पूर्वीपासून रूढ झाली. कैरो शहराजवळील रोडा बेटावर इ. स. ८६१ मध्ये बांधलेला असा जलमापक स्तंभ आजही उभा आहे. पाणी किती हात चढले यावरून त्या वर्षीच्या पिकाचा अंदाज बांधला जाई आणि त्यावरून शेतसाऱ्याचा विचार होई. नदीची उंची ही अशा रीतीने राज्यकारभाराची बाब बनली.

मेसोपोटेमियात नदीने कायद्याला जन्म दिला, असे म्हटले तर वावगे होणार नाही. इ. स. पू. अठराव्या शतकातील बाबिलोनचा राजा हम्मुराबी याच्या प्रसिद्ध संहितेत कालव्याच्या व बांधाच्या देखभालीविषयी स्पष्ट कलमे आहेत. ज्याने आळसामुळे आपला बांध दुरुस्त ठेवला नाही आणि त्यामुळे शेजाऱ्याचे शेत पाण्याखाली गेले, त्याने शेजाऱ्याच्या धान्याची भरपाई करून दिली पाहिजे, असा त्यांचा आशय आहे. वरच्या अंगाला राहणाऱ्याच्या वागणुकीचे परिणाम खालच्या अंगाला राहणाऱ्याला भोगावे लागतात, हे सत्य सुमारे पावणेचार हजार वर्षांपूर्वी कायद्याच्या भाषेत मांडले गेले.

चीनच्या परंपरेत महापुरावर विजय मिळविणाऱ्या यू राजाची कथा सांगतात. त्याच्या पित्याने बांध घालून पाणी अडविण्याचा यत्न केला व तो फसला. यूने मात्र पात्रे खोल केली, पाण्याला वाट काढून दिली आणि पूर ओसरला. ही कथा इतिहास म्हणून घ्यावयाची की नाही, हा प्रश्न वेगळा. परंतु पुराशी झुंजण्यापेक्षा त्याला जागा करून देणे शहाणपणाचे, हा तिच्यातील बोध आजच्या अभियंत्यालाही मान्य होण्यासारखा आहे.

आपल्याकडेही याची उदाहरणे आहेत. पुणे जिल्ह्यातील शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठी इनामगाव येथे डेक्कन महाविद्यालयाने १९६८ पासून पुढे अनेक वर्षे उत्खनन केले. तीन हजारांहून अधिक वर्षांपूर्वीच्या तेथील शेतकऱ्यांनी पाण्यासाठी पाट खणला होता व त्यालगत दगडमातीचा बांध घातला होता, असे त्यातून दिसून आले. गुजरातमधील लोथल हे हडप्पा संस्कृतीचे बंदर तर नदीच्या कृपेने वाढले आणि नदीच्या अवकृपेने खचले. तेथे वारंवार पूर आले, लोकांनी पुन:पुन्हा जोती उंच करून घरे बांधली आणि अखेरीस नदीने आपला प्रवाहच बदलला. लोथलचे उत्खनन १९५५ पासून डॉ. एस. आर. राव यांच्या नेतृत्वाखाली झाले. राव हे पूर्वी बडोदे संस्थानाच्या पुरातत्त्व खात्यात काम केलेले संशोधक होत. अशा प्रकारे लोथलचा धागा आपल्याला बडोद्यापर्यंत आणून सोडतो.

अंकोट्टक ते वटपद्रक

आज बडोदे शहराचा एक गजबजलेला भाग म्हणून ओळखले जाणारे अकोटा हे विश्वामित्रीच्या पश्चिम तीरावर आहे. प्राचीन काळी येथे अंकोट्टक नावाचे समृद्ध नगर होते. येथे १९५१ मध्ये जैन कांस्यमूर्तींचा मोठा संच सापडला. डॉ. उमाकांत शहा यांनी त्याचा सविस्तर अभ्यास केला आणि पश्चिम भारतातील धातुशिल्पाच्या इतिहासात अकोट्याला मानाचे स्थान मिळाले. रोमन धाटणीची कांस्यवस्तूही येथे मिळाली असून त्यावरून या लहानशा नदीकाठच्या गावाचे दूरदेशींच्या व्यापाराशी असलेले नाते लक्षात येते.

नदीच्या पूर्व तीरावर, काहीशा उंचवट्याच्या जागी, वडाच्या झाडांमध्ये एक खेडे होते. वटपद्रक किंवा वडपद्रक हे त्याचे नाव. राष्ट्रकूट वंशाच्या लाट शाखेतील राजा कर्क सुवर्णवर्ष याने इ. स. ८१२ मध्ये हे गाव एका ब्राह्मणास दान दिल्याचा ताम्रपट उपलब्ध आहे. त्यात वडपद्रकाचा उल्लेख अंकोट्टकाच्या चौऱ्याऐंशी गावांपैकी एक असा येतो. म्हणजे तेव्हा अंकोट्टक हे मुख्य ठिकाण आणि वडपद्रक हे त्याच्या हाताखालचे खेडे होते. पुढे या दोहोंचे स्थान उलट झाले. खेडे वाढून नगर बनले आणि नगर ओसरून त्याचे खेडे झाले.

असे का घडले असावे? महाराजा सयाजीराव विश्वविद्यालयाच्या पुरातत्त्व विभागाचे डॉ. बी. सुब्बाराव यांनी शहराच्या निरनिराळ्या भागांत उत्खनन करून १९५३ मध्ये बडोद्याच्या प्राचीन इतिहासावर ग्रंथ प्रसिद्ध केला. सखल तीरावरील अंकोट्टकाला पुरांचा उपद्रव होऊ लागल्यामुळे वस्ती हळूहळू पूर्वेकडील उंच भागाकडे सरकली, असे अभ्यासक मानतात. आजच्या बडोद्याचा जन्मच अशा रीतीने पुराच्या अनुभवातून झालेला आहे. त्या काळच्या रहिवाशांजवळ पर्जन्यमापक नव्हते, नकाशे नव्हते. परंतु पाणी कोठवर येते हे त्यांनी डोळ्यांनी पाहिले होते आणि त्याप्रमाणे ते वागले.

विहिरी, वाव आणि तलाव

मध्ययुगात उंचवट्यावर तटबंदीचे शहर वसले. अठराव्या शतकात पिलाजीराव गायकवाडांनी गुजरातेत मराठ्यांचा अंमल बसविला आणि १७३४ पासून बडोदे कायमचे गायकवाडांच्या ताब्यात आले. पुढे ते त्यांच्या राजधानीचे शहर झाले. वाडे, देवळे, बाजारपेठा यांनी ते गजबजले. दक्षिणेतून आलेली मराठी कुटुंबे येथे स्थायिक झाली. या वाढत्या लोकसंख्येची तहान भागत असे ती विहिरींवर, वावांवर, तलावांवर आणि नदीवर. लक्ष्मीविलास राजवाड्याच्या आवारातील नवलखी वाव ही त्यांपैकी एक जुनी व देखणी वास्तू असून तिच्यातील शिलालेख इ. स. १४०५ चा आहे. वाव म्हणजे पायऱ्यांची विहीर. महाराष्ट्रात आपण जिला बारव म्हणतो तिचीच ही गुजराती बहीण.

शहराच्या मध्यभागी असलेल्या सूरसागर तलावाची व्यवस्थाही लक्षात घेण्याजोगी आहे. पूर्वी चांदन तलाव म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या तलावाला पुढे पक्के काठ बांधण्यात आले. तलाव भरून वाहू लागला म्हणजे त्याचे जादा पाणी जमिनीखालील मार्गाने विश्वामित्रीकडे सोडण्याची सोय करण्यात आली. पावसाचे पाणी नदीकडे वाहून नेणारे नैसर्गिक ओढेही शहरात होते. बडोद्यात अशा ओढ्याला ‘कांस’ म्हणतात. रूपारेल कांस, भूखी कांस, मसिया कांस ही नावे आजही तेथील लोकांच्या तोंडी आहेत. तलाव, कांस आणि नदी अशी ही एक साखळी होती. पाऊस पडला की पाणी प्रथम तलावांत थांबे, मग कांसांतून सावकाश नदीकडे जाई आणि नदी फुगली म्हणजे तिच्या दोन्ही काठांवरील खोल घळींत व सखल मोकळ्या जागेत ते पसरे. या साखळीमुळे पाण्याचा वेग व भार विभागला जात असे.

आजव्याचे पाणी

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ही व्यवस्था अपुरी पडू लागली. १८९१ च्या जनगणनेत बडोदे शहराची लोकसंख्या सुमारे १ लाख १६ हजार नोंदली गेली. एवढ्या दाट वस्तीत विहिरींचे पाणी शुद्ध राहणे कठीण होते आणि उन्हाळ्यात ते पुरतही नसे. नाशिक जिल्ह्यातील कवळाणे गावी १८६३ मध्ये जन्मलेले व १८७५ मध्ये दत्तक म्हणून बडोद्याच्या गादीवर आलेले महाराजा सयाजीराव गायकवाड यांनी १८८१ च्या अखेरीस राज्यकारभाराची सूत्रे हाती घेतली. त्यांनी प्रारंभीच हाती घेतलेल्या मोठ्या कामांपैकी एक म्हणजे आजवा येथील जलाशय होय.

शहराच्या पूर्वेस सुमारे १८ किलोमीटर अंतरावर मातीचे धरण बांधून पावसाचे पाणी साठवावयाचे आणि नळातून ते शहरात आणावयाचे, अशी ही योजना होती. १८८५ मध्ये कामास आरंभ झाला आणि १८९२ मध्ये सयाजी सरोवराचे पाणी शहरात खेळू लागले. आजवा शहरापेक्षा उंचावर असल्यामुळे पाणी उताराने आपोआप वाहत येते. ते चढविण्यासाठी यंत्राची गरज पडत नाही. त्या वेळच्या लोकसंख्येच्या जवळजवळ अडीचपट, म्हणजे तीन लाख लोकांना पुरेल अशा बेताने ही योजना आखण्यात आली होती. सव्वाशे वर्षांहून अधिक काळ लोटला तरी आजवा आजही बडोद्याला पाणी पुरवीत आहे. दूरदृष्टीने केलेले सार्वजनिक काम किती पिढ्यांच्या उपयोगी पडते, याचे हे उत्तम उदाहरण होय.

सयाजीरावांनी नदीकडेही दुर्लक्ष केले नाही. विश्वामित्रीच्या दोन्ही तीरांवर पसरलेला सयाजीबाग १८७९ मध्ये साकार झाला. लोक त्याला कमाटीबाग या नावानेही ओळखतात. नदीकाठची जागा इमारतींनी न भरता बागेसाठी राखून ठेवली गेली, याचे महत्त्व आज अधिक जाणवते. पूर आला तर बाग भिजते, झाडे काही दिवस पाण्यात उभी राहतात आणि पाणी ओसरताच पुन्हा टवटवीत होतात. त्याच जागी घरे असती तर काय झाले असते, हे सांगावयास नको.

नदीचा विसर

तथापि नळाच्या पाण्याचा एक अनपेक्षित परिणाम झाला. जोवर लोक नदीवर पाणी भरावयास, कपडे धुवावयास, स्नानसंध्येस जात होते, तोवर नदीचे पाणी कसे आहे, किती आहे, यंदा ते कोणत्या पायरीपर्यंत चढले, हे घराघरांत ठाऊक असे. नदी घाण झाली तर त्याचा उपद्रव प्रत्येकाला होई. पाणी आजव्याहून नळाने येऊ लागले, आणि पुढे लोकसंख्या वाढल्यावर मही नदीच्या पात्रात रायका, दोडका, फाजलपूर, पोयचा येथे खोदलेल्या विहिरींतून व नर्मदेच्या कालव्यातूनही ते मिळू लागले, तेव्हा विश्वामित्रीची रोजची गरज उरली नाही. गरज संपली तशी ओळख संपली. नदीत सांडपाणी सोडले जाऊ लागले, काठांवर भराव पडू लागले, घळी बुजल्या आणि कित्येक तलाव व कांस यांचे क्षेत्र आक्रसले.

बडोद्याची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेनुसार साडेसोळा लाखांच्या पुढे गेली. इतक्या मोठ्या शहराला जमीन हवी असते आणि नदीकाठची मोकळी जागा वर्षातील अकरा महिने रिकामीच दिसते. ती रिकामी नसून नदीने राखून ठेवलेली असते, हे बाराव्या महिन्यात कळते. ही चूक केवळ बडोद्याची नाही. आपल्याकडील पुणे, नाशिक, सांगली, कोल्हापूर येथील नदीकाठांकडे पाहिले तरी हेच चित्र कमीअधिक प्रमाणात दिसेल.

या साऱ्या काळात विश्वामित्रीशी एकनिष्ठ राहिल्या त्या तिच्यातील मगरी. दाट वस्तीच्या शहरातून वाहणाऱ्या नदीत शेकडो मगरी नांदत असल्याचे दृश्य जगात क्वचितच दिसते. काठच्या घळी, झुडपे व मऊ माती हे त्यांचे विणीचे स्थान. जी घळ पुराचे पाणी सामावून घेते तीच मगरीला आसरा देते. त्यामुळे मगरी जेथे टिकून आहेत तेथे नदी अद्याप नदी राहिली आहे, असे समजावयास हरकत नाही.

पुराचा जमाखर्च

विश्वामित्रीचे पूर नवे नाहीत. जुलै १९२७ मध्ये गुजरातेत झालेल्या अतिवृष्टीत बडोदे शहराचे व आसपासच्या मुलखाचे फार मोठे नुकसान झाले होते. अलीकडच्या काळात २००५, २०१४, २०१९ आणि २०२४ या वर्षी शहराला मोठ्या पुरांना तोंड द्यावे लागले. ३१ जुलै २०१९ रोजी एका दिवसात सुमारे ५०० मिलिमीटर पाऊस कोसळला. येथील वर्षभराचा सरासरी पाऊस ९०० मिलिमीटरच्या आसपास आहे, हे ध्यानी घेतले म्हणजे या आकड्याचा अर्थ उमगेल.

ऑगस्ट २०२४ च्या अखेरीस आलेल्या पुराने याहूनही बिकट प्रसंग ओढवला. नदीची धोक्याची पातळी २५-२६ फुटांच्या आसपास मानली जाते. या वेळी पाणी ३५ फुटांच्याही वर चढले. अनेक वसाहतींतून तळमजले बुडाले, हजारो लोकांना सुरक्षित स्थळी हलवावे लागले, सेनादल व आपत्ती निवारण दलांच्या तुकड्या बोलवाव्या लागल्या. रस्त्यांत व घरांच्या आवारांत मगरी येऊन पडल्या आणि वनखाते व स्वयंसेवक यांनी त्यांना पकडून सुरक्षित ठिकाणी सोडले. पाणी दोन-तीन दिवसांत ओसरले. परंतु ज्यांच्या संसारातील धान्य, अंथरूण-पांघरूण, मुलांची पुस्तके व दुकानातील माल चिखलात गेला, त्यांचा पूर त्यानंतरही कित्येक महिने ओसरला नव्हता.

येथे एक गोष्ट स्पष्टपणे समजून घेतली पाहिजे. पूर म्हणजे केवळ अधिक पाऊस नव्हे. तितकाच पाऊस मोकळ्या मातीवर पडला तर त्यातील बराचसा जमिनीत मुरतो. सिमेंट व डांबर यांवर पडला तर जवळजवळ सर्व एकदम वाहू लागतो. तलाव बुजले असतील तर तो थांबत नाही. कांस अरुंद झाले असतील तर तो रस्त्यावर येतो. नदीच्या काठांवर भराव असतील तर पाण्याला आडवे पसरता येत नाही, म्हणून ते उभे चढते. त्यातच आजवा व प्रतापपुरा येथील जलाशय भरून त्यांचे जादा पाणी त्याच वेळी नदीत आले म्हणजे पातळी झपाट्याने वाढते. पाऊस आकाशातून येतो. त्याचा महापूर पुष्कळदा जमिनीवर तयार होतो.

काळा घोडा आणि दुतोंड्या मारुती

बडोद्यातील रहिवासी पावसाळ्यात एकमेकांस विचारतात, ‘काळ्या घोड्याजवळ पाणी किती?’ सयाजीबागेच्या प्रवेशद्वाराजवळ महाराजा सयाजीरावांचा ब्राँझचा अश्वारूढ पुतळा आहे. त्यालाच लोक काळा घोडा म्हणतात. जवळच्या पुलावर नदीची उंची मोजली जाते. नाशिककरांचे असेच एक माप आहे. गोदावरीच्या पात्रात उभ्या असलेल्या दुतोंड्या मारुतीच्या गुडघ्याला पाणी लागले, कमरेला लागले की छातीला, यावरून ते पुराचा अंदाज घेतात. कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्याजवळ ३९ फुटांना इशारा व ४३ फुटांना धोका, हे आकडे शाळकरी मुलांनाही पाठ असतात. नाईलच्या काठचा जलमापक स्तंभ आणि हा दुतोंड्या मारुती यांत तत्त्वत: काहीच अंतर नाही. नदीचे माप लोकांच्या जिभेवर असणे, ही पुरापासूनच्या संरक्षणाची पहिली पायरी होय.

दुसरी पायरी म्हणजे त्या मापाप्रमाणे वागणे. महाराष्ट्रात नद्यांच्या काठांवर निळी व लाल अशा दोन पूररेषा आखण्याची पद्धत आहे. सर्वसाधारणपणे पंचवीस वर्षांतून एकदा येऊ शकणाऱ्या पुराची मर्यादा निळ्या रेषेने आणि शंभर वर्षांतून एकदा येऊ शकणाऱ्या पुराची मर्यादा लाल रेषेने दाखविली जाते. निळ्या रेषेच्या आतील भाग मोकळा ठेवावा आणि दोन रेषांमधील भागात बांधकाम करताना जोत्याची उंची इत्यादी निर्बंध पाळावेत, हा यामागील हेतू आहे. येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. ‘शंभर वर्षांतून एकदा’ याचा अर्थ एकदा येऊन गेला की शंभर वर्षे निश्चिंती, असा नाही. कोणत्याही वर्षी तो येण्याची शक्यता शंभरात एक आहे, एवढाच त्याचा अर्थ. लागोपाठच्या दोन वर्षांतही तो येऊ शकतो.

विश्वामित्रीच्या बाबतीत राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने मे २०२१ मध्ये नदी, तिच्या घळी व पूरमैदान यांचे रक्षण करण्याविषयी आदेश दिले. २०२४ च्या पुरानंतर शहरातील पात्राचा गाळ काढून ते रुंद व खोल करण्याचे काम २०२५ च्या पावसाळ्यापूर्वी मोठ्या प्रमाणावर हाती घेण्यात आले. पात्र मोकळे करणे आवश्यकच आहे. परंतु पात्र म्हणजे केवळ पाण्याची नळी नव्हे. तिच्याशी जोडलेले तलाव, कांस व घळी यांची साखळी पुन्हा जोडली गेली, तरच या कामाचा टिकाऊ उपयोग होईल.

दूरच्या नद्यांचे ऋण

आणखी एका बाजूकडे लक्ष वेधणे इष्ट ठरेल. मोठी शहरे आपल्या काठच्या नदीवर न भागता दूरच्या नद्यांचे पाणी आणतात, तेव्हा त्या दूरच्या नद्यांच्या काठीही माणसे राहत असतात. नर्मदेवरील सरदार सरोवराची कोनशिला १९६१ मध्ये बसविण्यात आली, नर्मदा जलविवाद लवादाने १९७९ मध्ये निवाडा दिला आणि २०१७ मध्ये पूर्ण उंचीच्या धरणाचे लोकार्पण झाले. या धरणाच्या पाण्याने गुजरातच्या अनेक तहानलेल्या भागांना मोठा आधार मिळाला. त्याचबरोबर या जलाशयाची बाधा तीन राज्यांतील २४५ गावांना पोचली. त्यांपैकी ३३ गावे महाराष्ट्रातील, अक्कलकुवा व अक्राणी तालुक्यांतील, सातपुड्याच्या कुशीतील आदिवासींची होती. पिढ्यान्‌पिढ्या नदीवर नजर ठेवून जगणाऱ्या या कुटुंबांना नदी सोडून मैदानी मुलखात नवे आयुष्य उभारावे लागले आणि त्यांच्या पुनर्वसनाचा प्रश्न अनेक दशके धसास लावावा लागला. नळ उघडताच पाणी मिळते, तेव्हा त्या पाण्यामागे कोणाचे तरी गाव आहे, याचे भान नागरिकांनी ठेवले पाहिजे. हम्मुराबीच्या संहितेने वरच्या शेतकऱ्यावर जी जबाबदारी टाकली होती, तीच आज पाणी वापरणाऱ्या नगरावर येते.

समारोप

विश्वामित्रीच्या काठी कीर्तिमंदिर नावाची एक वास्तू आहे. आपल्या पूर्वजांच्या स्मरणार्थ सयाजीरावांनी ती १९३६ मध्ये उभारली. थोर चित्रकार नंदलाल बोस यांनी १९३९ पासून पुढील काही वर्षांत तिच्या भिंतींवर जी चित्रे काढली, त्यांतील एक गंगावतरणाचे आहे. गंगा पृथ्वीवर येण्यास सिद्ध झाली, परंतु तिचा वेग पृथ्वीला सोसवणार नव्हता. तेव्हा शंकराने तिला आपल्या जटांत धारण केले आणि जटांमधून ती सावकाश खाली उतरली, ही कथा सर्वांच्या परिचयाची आहे.

पुराणकथेतील हे चित्र एखाद्या अभियांत्रिकी ग्रंथातील आकृतीइतके सुस्पष्ट आहे. वेगाने येणाऱ्या पाण्याला अनेक वाटांनी विभागावे, थांबवावे, पसरू द्यावे आणि मग पुढे सोडावे, हेच त्याचे सार. बडोद्याचे तलाव, कांस व घळी या विश्वामित्रीच्या जटाच होत. प्रत्येक गावाच्या नदीला अशा जटा असतात. ओढे, नाले, तळी, गायराने व काठच्या मोकळ्या पडीक जमिनी या रूपांत त्या आपल्यासमोर असतात. त्या कापून टाकल्या तर उतरणारी गंगा कोणाच्या मस्तकावर पडेल, हे वेगळे सांगण्याची आवश्यकता नाही.

प्राचीन अंकोट्टकाच्या रहिवाशांनी नदीला जागा दिली आणि स्वत: उंचवट्यावर सरकले. आज सबंध शहर उचलून नेणे शक्य नाही. परंतु नदीची जी जागा अद्याप मोकळी आहे ती मोकळी ठेवणे, बुजलेली परत मिळविणे आणि आपल्या गावच्या नदीचे पाणी गेल्या पुरात कोठवर आले होते हे प्रत्येक घराला ठाऊक असणे, या गोष्टी सर्वस्वी आपल्या हातच्या आहेत. ग्रामपंचायतींनी, नगरपालिकांनी व शाळांनी आपापल्या गावातील पुराची खूण एखाद्या भिंतीवर वा दगडावर वर्षासह रंगवून ठेवली, तरी या कामाचा उत्तम आरंभ होईल. ती खूण मुलांच्या डोळ्यांसमोर राहील आणि नदी शांत असतानाही तिच्या हक्काच्या जागेची आठवण गावाला देत राहील.